सकाळी ‘हॅव’, दुपारी ‘डिड’

सकाळी सव्वासहा

पहिली बॅच स्पर्धा परीक्षावाल्यांची. मिरजेत स्टेशनच्या बाजूला एका औषध दुकानाच्या वर माझा हॉल आहे. या वेळी खालचं शटर बंद असतं आणि वर मुलंमुली दाटीवाटीने बसलेली असतात. काहीजण मैदानावरून धावून थेट वर येतात, कारण एमपीएससीच्या जोडीला पोलीस भरतीचाही फॉर्म भरलेला असतो. यांच्या लेखी इंग्रजी म्हणजे चार पर्याय आणि त्यातला एक काळा करायचा गोल.

फळ्यावर मी लिहिते : ‘आय हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर यस्टरडे.’ चूक कुठे आहे?

उत्तर तयारच असतं. ‘यस्टरडे आहे ना मॅडम, मग हॅव काढायचं.’ बरोबर. पण का काढायचं? इथे मुलं वहीची मागची पानं उलटायला लागतात.

‘का’वर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून क्लासमध्येही तो कुणी शिकवत नाही. माझ्या मते प्रेझेंट परफेक्टचं निम्मं दुखणं तिथूनच सुरू होतं. मराठीत ‘मी कालच पैसे भरलेत’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. ‘गेल्या सोमवारीच त्यांनी अर्ज दिला आहे’ हेही चालतं. ‘काल’ आणि ‘आहे’ आपल्याकडे एका वाक्यात सुखाने नांदतात. इंग्रजीला ते खपत नाही. ‘हॅव’ म्हटलं की बोलणारा आत्तामध्ये उभा राहून मागे बघतो आहे. ‘यस्टरडे’ म्हटलं की तो कालच्या दिवसात जाऊन पोचला. एकाच वाक्यात दोन्हीकडे उभं राहायला इंग्रजी परवानगी देत नाही.

मुलांना मी वाण्याच्या वहीतलं खातं सांगते. महिना चालू आहे तोवर खातं उघडं असतं, त्यात अजून भर पडू शकते. महिनाअखेर बेरीज करून खाली रेघ मारली की ते मिटलं. उघड्या खात्याला हॅव, रेघ मारलेल्याला व्ही टू, म्हणजे क्रियापदाचं साध्या भूतकाळाचं रूप. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०१९’, ‘टेन इयर्स अगो’ ही सगळी रेघ मारलेली खाती. ‘टुडे’, ‘धिस वीक’, ‘सो फार’, ‘एव्हर’, ‘यट’ ही उघडी.

‘म्हणजे हे रेन अँड मार्टिनच्या व्याकरणात नाही,’ असं एकजण म्हणतो, तक्रारीच्या सुरात. आहे, पण तिथे ते वेगळ्या शब्दांत आहे. त्या जोडीतला पी. सी. रेन हा गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि पुढे १९२४ मध्ये त्याने ‘बो जेस्ट’ नावाची फ्रेंच फॉरेन लीजनवरची साहसकथा लिहिली, जिच्यावर सिनेमे निघाले. इतकी थरारक कादंबरी लिहिणाऱ्या माणसाचं नाव आपल्याकडे ‘फिल इन द ब्लँक्स’शी जोडलं गेलं. हे ऐकून वर्ग पहिल्यांदाच जागा होतो.

बॅच सुटताना फळ्याच्या कोपऱ्यात मी एक वाक्य लिहून ठेवते, ‘आय हॅव टॉट वन बॅच धिस मॉर्निंग’, आणि ते पुसायचं नाही असं सांगते.

सकाळी साडेआठ

नाइट ड्यूटी आठला संपते. ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवून, कपडे बदलून सिस्टर लोक साडेआठपर्यंत येतात. मिरज हे दवाखान्यांचं गाव. वॉनलेस हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर गावात दवाखान्यांची रांगच लागली. त्यामुळे इथे नर्सिंग शिकलेल्या मुली पुष्कळ, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची नजर इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलियाकडे. त्यासाठी ओईटी ही परीक्षा द्यावी लागते, किंवा आयईएलटीएस. ओईटी खास आरोग्य क्षेत्रातल्या बारा व्यवसायांसाठी आहे. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्य, प्रत्येकाचा बोलण्याचा आणि लिहिण्याचा पेपर वेगळा.

ही माझी सगळ्यांत आवडती बॅच, कारण इथे काळ चुकला की नुसता मार्क जात नाही.

मी म्हणते, ओव्हर द्या, इंग्रजीत. एक सिस्टर उभी राहते : ‘आय हॅव गिव्हन पॅरासिटामॉल ॲट सिक्स ओ’क्लॉक.’ कळतं सगळं, पण वाक्य इंग्रजी नाही. ‘ॲट सिक्स’ म्हटलं की रेघ मारली गेली. मग काय करायचं? दोन वाक्यं करायची. ‘आय हॅव गिव्हन हिम पॅरासिटामॉल. आय गेव्ह इट ॲट सिक्स.’ पहिल्या वाक्याने पुढच्या सिस्टरला कळतं की डोस झालेला आहे, पुन्हा द्यायचा नाही. दुसऱ्याने कळतं की पुढचा डोस कधी. आधी सद्यःस्थिती, मग वेळ. इंग्रजी माणूस साधारण याच क्रमाने बोलतो : बातमी हॅवने फोडतो आणि तपशील व्ही टूने सांगतो.

मग ‘बीन’ आणि ‘गॉन’. ‘द डॉक्टर हॅज गॉन’ म्हणजे डॉक्टर निघून गेले, आता नाहीत. ‘हॅज द डॉक्टर बीन?’ हा प्रश्न मात्र इंग्लंडच्या वॉर्डात रोज ऐकू येतो, आणि त्याचा अर्थ : डॉक्टर येऊन, बघून गेले का? पुढे कुठे, केव्हा असं काही नाही, वाक्य ‘बीन’वरच थांबतं. आपल्याकडच्या मुलींना ते अर्धवट वाटतं. ‘बीन व्हॉट, मॅडम?’ याहून गंमत पुढची. सकाळच्या राउंडला तिथली नर्स पेशंटला विचारते, ‘हॅव यू ओपन्ड युअर बॉवेल्स टुडे?’ किंवा नुसतंच, ‘हॅव यू बीन?’ शौचाला झाली का, एवढंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हा वर्ग हसून लोळला होता. आता एकमेकींना क्लासच्या जिन्यात तेच विचारतात.

‘टुडे’चं एक बरं असतं, दिवस संपेपर्यंत ते उघडं राहतं. ‘धिस मॉर्निंग’ मात्र लबाड आहे. सकाळी दहाला ‘हॅज ही ईटन एनिथिंग धिस मॉर्निंग?’ आणि दुपारी चारला, त्याच पेशंटबद्दल, त्याच सकाळबद्दल, ‘डिड ही ईट एनिथिंग धिस मॉर्निंग?’ पेशंट तोच, इडली तीच. घड्याळ पुढे गेलं म्हणून क्रियापद बदललं. मी फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवते आणि ‘वन बॅच’चं ‘टू बॅचेस’ करते. खातं अजून उघडं आहे.

एकीने जर्मनही सुरू केलं आहे, सांगलीत दुसऱ्या क्लासला. जर्मनीतही नर्सेसना मागणी आहे, आणि दोन्ही दरवाजे ठोठावून ठेवणं शहाणपणाचंच. ती म्हणते, ‘तिथे तर इश हाबे इन गेस्टर्न गेझेन चालतं. हाबे म्हणजे हॅव, गेस्टर्न म्हणजे काल. मग इंग्रजीलाच काय झालंय?’ प्रश्न रास्त आहे. जर्मन आणि फ्रेंचमध्ये हॅवच्या भावंडांनी बोलण्यातला साधा भूतकाळ जवळजवळ गिळला, इंग्रजीत मात्र दोघांनी वाटणी करून घेतली. मी तिला सांगते, सोमवार-बुधवारी जर्मनसारखं बोल, इतर दिवशी इंग्रजीसारखं. ती म्हणते, ‘मॅडम, नाइट करून आल्यावर वार कुठे लक्षात राहतोय!’

ऐकण्याचा सराव उरतो. लिहिताना ‘ही हॅज’ दिसतं, बोलताना त्याचं ‘हीज’ होतं, आणि ‘ही इज’चंही ‘हीज’च. ‘हीज टेकन हिज टॅब्लेट्स’ आणि ‘हीज टेकिंग हिज टॅब्लेट्स’ यातला फरक फक्त क्रियापदाच्या शेपटीत उरतो. एका वाक्यात गोळ्या पोटात गेल्या, दुसऱ्यात अजून तळहातावर आहेत. रेकॉर्डिंग पुन्हा लावते. झोपेने जड झालेले डोळे मिटून त्या ऐकतात, आणि मिटलेल्या डोळ्यांनी जास्त बरोबर सांगतात.

सकाळी पावणेअकरा

पत्रं तपासायची वेळ. ओईटीचा लेखी पेपर पंचेचाळीस मिनिटांचा. पहिली पाच नुसती वाचायची, मग चाळीस मिनिटांत साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र. पेशंटची केस नोट तुटक शब्दांत दिलेली असते : मधुमेह, निदान २०१६. मेटफॉर्मिन, २०१६ पासून. मार्चमध्ये घरी पडली. तुटक नोंदीतून पूर्ण वाक्य करायचं म्हणजे क्रियापद तुम्हीच निवडायचं, आणि तिथेच परीक्षा आहे.

बरोबर उत्तर असं जमतं : निदान झालं, ‘वॉज डायग्नोज्ड इन २०१६’. तेव्हापासून गोळी चालू, ‘हॅज बीन टेकिंग मेटफॉर्मिन सिन्स देन’. पडली, ‘फेल ॲट होम इन मार्च’. पाठोपाठच्या तीन नोंदी, तीन रूपं. वाचणाऱ्या डॉक्टरला यावरूनच कळतं की गोळी आजही चालू आहे.

माझ्यासमोरच्या गठ्ठ्यात बहुतेकींनी ‘शी इज टेकिंग मेटफॉर्मिन सिन्स २०१६’ लिहिलं आहे. ही चूक बुद्धीची नाही, मराठीची आहे. ‘ती २०१६ पासून गोळी घेते’ किंवा ‘घेतेय’. आपण ‘पासून’ आलं तरी साध्या वर्तमानातच राहतो, आणि आपल्याला ते पुरतं. मराठी बोलणाऱ्याला इथे परफेक्ट काळाची गरज कधी पडलीच नाही, म्हणून डोक्यात ती जागाच रिकामी आहे. लाल पेनाने नुसती रेघ मारून ती भरत नाही. समासात मी लिहिते : ‘सिन्स’ दिसलं की थांब.

दुसऱ्या चुकीकडे कुणाचं फार लक्ष जात नाही, पण मला ती फार आवडते. ‘शी हॅव रिटन टू लेटर्स.’ शी असून हॅव का? मुलीला विचारलं तर तिलाही सांगता येत नाही. मराठीत बघा : ‘तिने दोन पत्रं लिहिली आहेत.’ ‘आहेत’ हे पत्रांमुळे आलं, तिच्यामुळे नाही. आपल्याकडे अशा वाक्यात क्रियापद कर्माचं ऐकतं, इंग्रजीत कायम कर्त्याचं. मुलीने व्याकरण नीट पाळलंय, फक्त ते दुसऱ्या भाषेचं आहे. शाळेत ‘कर्मणी प्रयोग’ पाच मार्कांसाठी पाठ केलेला असतो, पण तो इंग्रजीच्या वहीत असा डोकं वर काढेल असं कुणी सांगत नाही.

आणि तिसरी, अख्ख्या हिंदुस्थानात पसरलेली : ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे.’ मी काल पुण्याला गेलो होतो. ‘गेलो’ म्हटलं तर आपल्याला वाक्य पुढे काहीतरी मागतं असं वाटतं. ‘गेलो होतो’ म्हणजे जाऊन आलो, संपलं. आमच्याकडे तर ते ‘गेलतो’ इतकं आखूड झालंय. इंग्रजीत या जागी साधं ‘वेंट’ लागतं. ‘हॅड’ हे फक्त एका जुन्या गोष्टीच्याही आधीची गोष्ट सांगायला. ‘हॅड गॉन’ ऐकणारा इंग्रज पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो आणि पुढचं वाक्य येतच नाही.

दुपारी बारा वाजून गेल्यावर

डबा उघडण्याआधी फळ्याचा कोपरा बदलते. ‘हॅव टॉट’ मधलं ‘हॅव’ पुसते. ‘आय टॉट टू बॅचेस धिस मॉर्निंग.’ सकाळ संपली. दुपारच्या मुलांना हेच वाक्य दिसेल, सकाळच्यांनी आधीचं बघितलं. दोघांनी उद्या एकमेकांना विचारलं तर बरं, मला एक तास कमी शिकवावं लागेल.

हे ‘हॅव’ मुळात आलं कुठून? जुन्या इंग्रजीत ते खरोखरच ‘जवळ असणं’ होतं. माझ्याजवळ पत्र आहे, लिहिलेलं. पत्र आधी, लिहिलेलं नंतर. हळूहळू शब्दांची जागा बदलली आणि पत्र हातात असणं मागे पडून लिहून होणं पुढे आलं. येणं-जाणं अशा क्रियापदांना तर कित्येक शतकं ‘हॅव’ऐवजी ‘इज’ लागत असे, आपल्या ‘आला आहे’सारखंच. ते इंग्रजी टिकलं असतं तर माझं अर्धं काम वाचलं असतं. मराठीत ‘हॅव’ला सरळ क्रियापदच नाही. माझ्याकडे गाडी आहे, मला दोन भाऊ आहेत, तिला ताप आहे. ‘असणे’वर आपला सगळा संसार चालतो. म्हणून पोरं ‘हॅव’ पाठ करतात पण ते त्यांच्या हाताला लागत नाही.

दुपारी अडीच

सतारमेकर येतो. एकटाच, कारण त्याला बॅचमध्ये बसायला वेळ नाही. मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याचं काम दीडशे वर्षांहून जुनं, २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर परदेशातली चौकशी वाढली, असं तो सांगतो. पंढरपूर भागातून भोपळे येतात, ते वाळवायचे, कापायचे, दांडी जोडायची, पॉलिश, खुंट्या, शेवटी घोडीवर जवारी काढायची. हात तरबेज आहेत. ईमेल लिहायला बसला की तेच हात थिजतात.

आज त्याने लिहून आणलंय : ‘वुई आर मेकिंग तानपुरा सिन्स फोर जनरेशन्स.’ चार पिढ्यांपासून. ‘पासून’ एकच, पण इंग्रजीत आरंभाचा बिंदू सांगितला तर सिन्स, लांबी सांगितली तर फॉर. ‘वुई हॅव बीन मेकिंग तानपुराज फॉर फोर जनरेशन्स.’ हे वाक्य मी त्याला वेबसाइटच्या पहिल्या ओळीत घालायला सांगितलंय. एका वाक्यात चार पिढ्या येतात आणि काम आजही चालू आहे हेही येतं. जाहिरातवाल्याला पैसे देऊन याहून चांगलं मिळणार नाही.

पुढचं वाक्य घातक आहे. नेदरलँड्सच्या गिऱ्हाइकाला त्याने कळवलंय : ‘आय हॅव बीन मेकिंग युअर तानपुरा.’ त्याला म्हणायचंय, बनवून झाला. वाचणाऱ्याला कळेल, अजून करतोच आहे. ‘आय हॅव मेड युअर तानपुरा’ म्हटलं की वाद्य तयार, उरलेले पैसे पाठवा. ‘बीन’ आणि ‘इंग’ आत शिरले की काम लांबलं. अर्थात, काम खरंच लांबलं असेल तेव्हा तेच वाक्य कामाचं. त्याला दोन्ही रूपं लिहून दिली, आणि प्रसंगही.

मग वाद्याच्या एकेका टप्प्याचं वाक्य केलं. ‘द गोर्ड हॅज ड्राइड.’ ‘वुई हॅव फिटेड द पेग्ज.’ ‘वुई हॅवन्ट डन द जवारी यट.’ ‘यट’चं त्याला फार कौतुक वाटलं. अजून नाही, पण होणार आहे, हे इवल्या शब्दात. आणि पाठवलं तेव्हा : ‘वुई हॅव शिप्ड इट. इट लेफ्ट मुंबई ऑन मंडे.’ सकाळी सिस्टरना सांगितलेलाच क्रम.

जाताना त्याचा फोन वाजला, दुकानातून बोलावणं. ‘निघालो, निघालो,’ म्हणाला आणि पुन्हा खुर्चीवर बसून चहा संपवला. मी म्हटलं, इंग्रजीत ‘आय हॅव लेफ्ट’ म्हणशील तेव्हा खरोखर जिना उतरलेला हवास. मराठीत ‘आलोच’ म्हणणारा अजून चप्पल शोधत असतो आणि कुणी त्याला खोटारडा म्हणत नाही.

साडेचार

दहावी. व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री. गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन, कट-कट-कट. ‘रीड’चं लिहिताना तेच आणि वाचताना ‘रेड’, यावर दरवर्षी तेवढीच नाराजी. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे ही पोरं शब्दांना बिचकत नाहीत. पण तक्ता पाठ असून वाक्य येत नाही हे आजही तसंच. बोर्डाचा पेपर जवळ आला की माझाही इलाज नसतो, तक्ताच म्हणून घेते.

संध्याकाळी सहा

घरच्या व्यापातून वेळ काढून येणाऱ्या बायकांची बॅच. सगळ्यांत मोठ्या आजी सत्तरीच्या पुढच्या. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत, नातू तिथेच वाढलेला. त्या आज तक्रार घेऊन आल्या आहेत. ‘बाई, तुम्ही हॅव यू ईटन शिकवलंत. मी व्हिडिओ कॉलवर तेच विचारलं, तर नातू हसला. तो म्हणतो, डिड यू ईट यट?’

नातवाचंही बरोबर आहे. अमेरिकेत बोलताना ‘जस्ट’, ‘यट’, ‘ऑलरेडी’ यांच्या जोडीला व्ही टू सर्रास चालतं. ‘आय जस्ट एट’ म्हणजे आत्ताच जेवलो. गंमत म्हणजे हे आपल्या जवळचं आहे. ‘जेवलास का?’ असंच तर आपण विचारतो, ‘जेवला आहेस का?’ असं विचारत नाही. आजींना म्हटलं, न्यू जर्सीला जाणार असाल तर नातवासारखं बोला, ते सोपंही पडेल. सकाळच्या बॅचमधल्या सिस्टर लंडनला चालल्यात, त्यांना ही मुभा नाही.

मग विषय निघाला गाण्यांचा, तो या बॅचमध्ये निघतोच. आजींनी वाक्य केलं : ‘लता मंगेशकर हॅज संग मेनी साँग्ज.’ व्ही थ्री अचूक, हॅज अचूक. तरी ते आता ‘सँग’ व्हायला हवं. ६ फेब्रुवारी २०२२ पर्यंत आजींचं वाक्य बरोबर होतं, त्या दिवसानंतर नाही. माणसाच्या आयुष्यातल्या अनुभवांबद्दल हॅव वापरायचं तर तो माणूस असावा लागतो. भाषाशास्त्रज्ञ यासाठी आइन्स्टाइन आणि प्रिन्स्टनचं उदाहरण देतात : ‘आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन’ असं आता म्हणता येत नाही. मंगेशकरांचं बालपण सांगलीत गेलेलं, त्यामुळे आम्हाला त्यासाठी प्रिन्स्टनपर्यंत जावं लागत नाही.

‘पण गाणी आहेत की अजून!’ आजी म्हणाल्या.

आहेत ना. म्हणून गाण्यांबद्दल बोला, हॅव परत मिळेल. ‘हर साँग्ज हॅव बीन विथ मी ऑल माय लाइफ.’ कर्ता बदलला, खातं पुन्हा उघडलं. आजींनी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली मराठीत स्वतःच अर्थ लिहिला. बाकीच्या बायकांनी लगेच आपापल्या आवडत्या गायकांची विचारपूस सुरू केली. हे असे, ते गेले, याला हॅज, त्याला नाही. पाच-सात मिनिटं वर्ग हाताबाहेर होता, आणि तेवढ्यात प्रेझेंट परफेक्टची जितकी वाक्यं झाली तितकी दहावीच्या मुलांकडून महिन्यात होत नाहीत.

रात्री नऊ

उद्याची तयारी. टेबलावर गाइडं आहेत, निरनिराळी. सगळ्यांत पूर्ण वर्तमानकाळाची व्याख्या जवळपास तीच : नुकतीच पूर्ण झालेली क्रिया. ओळखायची खूण : वाक्याच्या शेवटी ‘आहे’. हे वाचलं की माझा संताप होतो. ‘आय हॅव लिव्ह्ड इन मिरज फॉर थर्टी इयर्स’ यात नुकतं काय आहे आणि पूर्ण काय? ‘आय हॅव नेव्हर सीन द ताजमहाल’ यात तर क्रियाच घडलेली नाही. आणि ‘आहे’ ही खूण म्हणाल तर मराठी वर्तमानपत्र उघडा : ‘असे त्यांनी सोमवारी सांगितले आहे’, ‘काल रात्री अटक करण्यात आली आहे’. ही खूण धरून भाषांतर केलं की दर दुसरं वाक्य चुकतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडे कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या आणि चांगल्या शिकल्या, पण तिच्यामागे एक कसलेला शिक्षक उभा असायचा. शिक्षक गेला आणि नुसती खूण उरली.

हान्स रायखेनबाख नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या पुस्तकात यासाठी तीन बिंदू मांडले. बोलण्याची वेळ, घटनेची वेळ आणि बोलणारा जिथून बघतो ती वेळ. साध्या भूतकाळात बघणारा घटनेजवळ जाऊन उभा असतो, परफेक्टमध्ये घटना मागे असते पण तो बोलण्याच्या जागेवरच असतो. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, वोल्फगांग क्लाइनने १९९२ मध्ये ‘द प्रेझेंट पर्फेक्ट पझल’ नावाचा लेखच लिहिला. वर्गात मी यातलं नाव एकही घेत नाही. तीन बिंदू मात्र फळ्यावर काढते आणि सिस्टरना ते गाइडातल्या व्याख्येपेक्षा लवकर कळतात.

मराठीतही एक दरवाजा उघडा आहे, त्याकडे गाइडं बघत नाहीत. ‘मी ताजमहाल पाहिलेला आहे.’ ‘मी तिकडे कधी गेलेलो नाही.’ हे ‘लेला’ म्हणजे अनुभवाची नोंद, केव्हा ते महत्त्वाचं नाही. इथे इंग्रजी आणि मराठी अगदी गळ्यात गळा घालून चालतात. ‘पाहिलेला’, ‘गेलेलो’ असं ज्या ज्या ठिकाणी सहज तोंडात येतं, तिथे ‘हॅव’ बहुधा बरोबर बसतं. शिकवायला सुरुवात ‘नुकतीच’पासून करू नका, ‘कधी पाहिलेलं आहे का’पासून करा. हे मी भेटेल त्या इंग्रजीच्या शिक्षकाला सांगते.

आणि स्वतः शिकणार असाल तर उद्या सकाळी आकाशवाणीच्या किंवा बीबीसीच्या इंग्रजी बातम्या ऐका. छापील वर्तमानपत्र नको, तिथे पहिल्याच वाक्यात वार घुसतो आणि हॅव पळतं. एका बातमीचं पहिलं वाक्य उतरवून घ्या, त्यात ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ सापडतं का बघा. मग ते कितव्या वाक्यात सुटलं आणि त्या वाक्यात कोणती वेळ आली, ते बघा. आठवडाभर एवढंच करा. व्ही थ्रीचा तक्ता त्यानंतर काढा.